थुंकणाऱ्याची नाही, झाडणारीची किळस!

तोंड आहे का गटार! काल परभणीला येताना बसमध्ये पुढच्या खिडकीतून एकानं गुटख्याची पिचकारी मारली, ती वाऱ्यानं थेट माझ्या गालावर, ओढणीवर, मांडीवरच्या डब्याच्या पिशवीवर. कोमट, चिकट, त्या घाणेरड्या गोडसर वासाची. ओठालाबी लागली. घरी साबणानं घासून घासून गाल सोलायला आला, तरी वास जाईना. बोलले तर म्हणतो, "वाऱ्यानं आलं ताई, खिडकी लावून घ्यायची ना." मी लावायची? मराठवाड्याच्या असल्या उन्हात?

पण खरा संताप पुढंच आहे. स्टँडवर झाडणाऱ्या मावशीनं त्याच माणसाला घोटभर पाणी मागितलं. ह्यानं बाटली हातभर वर धरली आणि तिच्या ओंजळीत धार सोडली. बाटलीला तिचा हात लागू नये म्हणून! वर नाक मुरडलं. अरे, तुझीच घाण ती बाई रोज खरवडते, आणि किळस तुला तिची येते?

पॉल रोझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लोकांना विचारलं होतं, आवडीच्या सूपमध्ये तुम्ही स्वतःच थुंकलात, तर ते प्याल का? लोकांना ते नकोसं झालं. स्वतःची थुंकी स्वतःला चालत नाही, मग माझ्या गालावर कशी चालते? तान्ह्या लेकराला किळस नसते, हाताला लागेल ते तोंडात घालतं. कशाची शिसारी करायची ते घर शिकवतं. ह्याच्या घरानं माणसाची करायला शिकवली!

२०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे म्हणे, आणि टपरीटपरीवर पुड्या मिळतात. कचेऱ्यांच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यात देवांच्या फरश्या लावाव्या लागतात, कारण माणसांची लाज कुणालाच नाही. संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, तरी पाण्याची धार अजून वरूनच पडते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव १९७८ ला झाला, नाव लागलं १९९४ ला; मधल्या काळात इथं दलितांची घरं जाळली. तेव्हाही ह्यांना धुराची किळस आली नव्हती.

आणि स्टँडवरचे बाकीचे? मावशी झाडू घेऊन जवळून गेली की नाकाला रुमाल. तो पचापच थुंकत उभा, त्याच्याशी मात्र हसून गप्पा, त्याच्याच पुडीतली चिमूट मागून घेतात.

दंडबिंड नुसता नको. झाडू द्या त्याच्या हातात, तिथल्या तिथं, सगळ्या स्टँडसमोर. आणि मावशीला खुर्ची द्या बसायला.