आडव्याचं उभं

सेल्सवाले जी एक्सेल पाठवतात ना ती दिसायला फार देखणी असते, वर मोठं हेडिंग, डावीकडे जिल्हे मर्ज केलेले, मग एप्रिल ते मार्च आडवे पसरलेले आणि खाली आणि उजवीकडे पिवळ्या रंगात 'एकूण'. पण पॉवर बीआयमध्ये (आकड्यांचे रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर) रिपोर्ट करायचा तर हे सगळं उभं करावं लागतं. जिल्हा, डीलर, महिना, रक्कम, बास, चारच कॉलम आणि खाली रेशनच्या रांगेसारख्या ओळी.

मर्ज केलेल्या सेलमध्ये नाव फक्त वरच्या सेलला असतं, त्यामुळे पॉवर क्वेरीत, म्हणजे डेटा साफसूफ करायच्या त्याच्या भागात, उघडलं तर कोल्हापूर एकाच ओळीत आणि खालचे सगळे डीलर बेवारस. फिल डाउन मारलं, म्हणजे वरचं नाव खालच्या रिकाम्या सेलमध्ये उतरवलं. जिथे विक्री नाही तिथे 'निरंक' लिहिलेलं (हा शब्द कुठल्या सरकारी ऑफिसातून उचलला देव जाणे), त्याचा नंबर करायला गेलो की एरर, म्हणून त्याचं शून्य केलं. मग 'अनपिव्हट अदर कॉलम्स', म्हणजे जिल्हा आणि डीलर सोडून बाकीच्या आडव्या कॉलमच्या उभ्या ओळी. एका क्लिकमध्ये सगळं उभं! 42 डीलर, 12 महिने, म्हणजे 504 ओळी यायला हव्या होत्या, आल्या 559. म्हटलं जास्तच आल्यात ना, कमी तर नाही पडल्या.

मीटिंगमध्ये स्क्रीनवर विक्री 12 कोटी 40 लाख. साहेब एकदम खूश, म्हणाले, "हा सांगलीचा एकूण कोण रे? एक नंबरला आहे, सत्कार करा त्याचा."

माझ्या पोटात गोळा. खालची एकूणची ओळ डीलर होऊन आत आलेली आणि सांगली शेवटी असल्यामुळे फिल डाउनने तिला जिल्हासुद्धा देऊन टाकलेला. उजवीकडचा एकूण तेरावा महिना होऊन बसलेला, अधिक मास! म्हणजे दुपटीची दुप्पट. अकाउंट्सचे काका कॅल्क्युलेटर बंद करत म्हणाले, "3 कोटी 10 लाख. अरे, एवढा धंदा झाला असता तर दिवाळीला सोनपापडी दिली असती का?"

दोन्ही एकूण फिल्टर करून परत गेलो तर काकांना नवीन सापडलं. एप्रिलला माल घेणारे डीलर 38, मेला 36, आणि खाली टोटल 41. "ही कुठली बेरीज?" म्हटलं काका, दोन्ही महिन्यांत माल घेणारा एकदाच मोजलाय, हळदीला 38 आणि लग्नाला 36 पाहुणे आले म्हणून घरात 74 पाहुणे होत नाहीत ना. "जेवणं 74च लागतात," काका म्हणाले. यावर माझ्याकडे काही नव्हतं.

संध्याकाळी ते स्वतः माझ्या टेबलाशी आले. "डेटा चांगला केलायस, पण ही उभी यादी वाचवत नाही रे. तेवढे महिने आडवे करून दे ना एक्सेलमध्ये. आणि खाली एकूण टाक, पिवळ्यात."