सेल्फ टकटक करतो म्हणजे जळाला, हे खरं नाही

जुन्या ट्रॅक्टरच्या सेल्फबद्दल (इंजिन सुरू करणाऱ्या स्टार्टर मोटरबद्दल) एक मेसेज शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर फिरत असतो. थोडक्यात असा: "चावी फिरवल्यावर सेल्फ नुसता टकटक करत असेल आणि इंजिन फिरत नसेल, तर सेल्फ जळाला समजा. लाइट लागतात ना, मग बॅटरी चांगलीच आहे. खात्री करायची तर स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइडचे दोन मोठे बोल्ट जोडा. सेल्फ फिरला तर सोलेनॉइड गेला, नाही फिरला तर मोटर गेली. घाईच असेल तर दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्टचा झटका द्या. जुना सेल्फ उघडत बसू नका, नवा टाका."

यातलं जवळपास प्रत्येक वाक्य चुकीचं आहे आणि एक तर जीव घेणारं आहे. बी-२७५, मॅसी १०३५, एचएमटी २५११ असे ट्रॅक्टर अजून कितीतरी घरांत चालू आहेत. त्यांचे सेल्फ जड, दणकट आणि उघडून दुरुस्त करता येतील असेच बनवलेले आहेत. धडधाकट सेल्फ या मेसेजपायी भंगारात जातात, याची मला खरोखर चीड येते.

पहिला मुद्दा टकटकीचा. सोलेनॉइड म्हणजे मोटरला करंट जोडणारा, सेल्फवरचा विद्युतचुंबकी स्विच. त्यात दोन कॉइल असतात, एक प्लंजर (आतला सरकता लोखंडी दांडा) खेचणारी आणि दुसरी त्याला धरून ठेवणारी. आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट मिळाले की खेचणारीचं काम संपतं आणि दुसरी एकटीच प्लंजर धरते. पण त्याच क्षणी मोटर शेकडो अँपिअर ओढायला लागते. बॅटरी कमजोर असेल किंवा जोड सैल असेल तर व्होल्टेज एकदम कोसळतं, प्लंजर सुटतो, भार जातो, व्होल्टेज परत वर येतं आणि प्लंजर पुन्हा खेचला जातो. हेच सेकंदाला अनेकदा होतं, तीच टकटक. म्हणजे आवाज येतोय तेव्हा सोलेनॉइड खेचतोय आणि मोटरही करंट मागतेय. दोष बहुतेक वेळा सेल्फच्या बाहेर असतो. बॅटरी आणि केबल पक्क्या असूनही टकटक थांबत नसेल, तर धरून ठेवणारी कॉइल तुटली असण्याची शक्यता आहे. तेव्हासुद्धा बदलायचा तो सोलेनॉइड, अख्खा सेल्फ नाही.

एकच ठसठशीत "टक" येऊन सगळं शांत होणं ही वेगळी गोष्ट. तेव्हा हेडलाइट लावून बघा. लाइट तेजच राहिला तर करंट मोटरपर्यंत जातच नाही: सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळालेत किंवा कार्बन (करंट आत नेणारे ब्रश) झिजून कॉम्युटेटरला (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांना) टेकत नाहीत. लाइट एकदम मंदावला तर, बॅटरी आणि जोड ठीक असतील तर, करंट जातोय पण काहीतरी अडलंय. अशा वेळी स्टॉप (डिझेल बंद करणारा नॉब) ओढून, गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन पुढच्या पुलीवरून पान्ह्याने हाताने फिरवून बघाच. हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये पाणी उतरलेलं असेल आणि तुम्ही सेल्फ मारत राहिलात, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

"लाइट लागतात, म्हणजे बॅटरी चांगली." नाही. दोन हेडलाइट मिळून आठ-दहा अँपिअर घेतात. पस्तीस एचपीच्या डिझेल इंजिनाला फिरवायला सेल्फ दोनशे ते चारशे अँपिअर घेतो. लाइट लागणं हा पुरावाच नाही. मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या असलेल्या चांगल्या १२ व्होल्ट बॅटरीवर १२.६ च्या आसपास दिसलं पाहिजे. १२.२ दिसलं तर ती अर्धीच भरलेली आहे. सेल्फ मारताना ते साधारण साडेनऊच्या खाली जाऊ नये.

आता केबल. इथेच सगळ्यात जास्त चोर सापडतात. ३०० अँपिअर करंटाच्या वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग जरी अडथळा आला, तरी ३ व्होल्ट तिथेच जातात. दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा आणि मीटरची एक टोची बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरी सेल्फच्या मोठ्या बोल्टवर धरा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा जोड खराब. मग निगेटिव्ह खांब आणि सेल्फची बॉडी. इथे ०.२-०.३ च्या वर नको. टोची खांबाच्या शिशावरच टेकवा, चिमट्यावर नको, कारण पुष्कळदा दोष खांब आणि चिमटा यांच्यामध्येच असतो. चिमटा वरून घासून चकचकीत केलेला असतो, पण काढून पाहिला तर आत राखाडी, खवल्यासारखा थर चढलेला. ब्रशने खांब आणि चिमटा दोन्ही आतून घासा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा.

जुना ट्रॅक्टर हौसेने रंगवून घेतलाय आणि त्यानंतरच सेल्फ कुरकुरायला लागलाय, असं असेल तर अर्थची पट्टी (बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडणारी) काढून बघा. रंगाऱ्याने बॉडीवर, सेल्फच्या फ्लँजवर सगळीकडे रंग मारलेला असतो आणि पट्टी त्या रंगावरच आवळलेली असते. तेवढी जागा खरवडून लोखंड उघडं केलं की काम होतं. निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या पहाटे आणखी एक कारण भेटतं: जाड ऑइल आणि गारठलेली बॅटरी. सेल्फ हळू फिरतो, दोष त्याच्यावर येतो.

आता स्क्रू ड्रायव्हर. कृपया हा भाग घरातल्या पोरांना वाचून दाखवा. दोन मोठे बोल्ट जोडल्यावर करंट थेट मोटरला जातो, पण सोलेनॉइड ओढला न गेल्यामुळे पिनियन (इंजिनाला फिरवणारं सेल्फचं छोटं दातेरी चाक) पुढे सरकतच नाही. सेल्फ मोकळाच गरगरतो. मोकळा तर निम्मे झिजलेले कार्बन असलेला सेल्फही फिरतो, त्यामुळे "फिरला म्हणजे मोटर चांगली" हे सिद्ध होत नाही. शिवाय ही सिरीज मोटर, भार नसला की तिचा वेग बेफाम वाढतो. चाचणी म्हणूनही ती निकामी आहे.

खरा धोका पुढे आहे. मोठ्या बोल्टावरून छोट्या टर्मिनलला स्क्रू ड्रायव्हर लावला की पिनियन पुढे जातो आणि इंजिन फिरतं. चावी बंद असली तरी. या जुन्या डिझेल इंजिनांना चालायला वीज लागत नाही. स्टॉप ओढलेला नसेल तर ती सुरू होतात. न्यूट्रलचा सेफ्टी स्विच असला तरी तो वाटेतून बाद झालेला असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो जागेवरून निघतो, आणि स्क्रू ड्रायव्हर धरणारा माणूस मागच्या मोठ्या चाकाच्या पुढ्यातच उभा असतो. माणसं अशी चिरडून गेली आहेत, आपल्याकडेही आणि परदेशातही. १९४६ साली आलेल्या फर्ग्युसन टीई-२० मध्ये सेल्फचा स्विच गिअरच्या दांड्यालाच जोडला होता: दांडा 'एस'वर नेल्याशिवाय सेल्फ लागायचाच नाही, आणि तिथे दांडा असताना गिअर पडलेला असूच शकत नव्हता. इतक्या जुन्या काळी इंजिनिअरांनी जे टाळलं, ते आपण दहा रुपयांच्या स्क्रू ड्रायव्हरने परत आणतो. सोलेनॉइड तपासायचाच असेल तर माणूस सीटवर, गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक लावलेला, स्टॉप ओढलेला, आणि तुमच्या हातात फक्त मीटर.

२४ व्होल्टबद्दल फार लिहायची गरज नाही. व्होल्टेज दुप्पट केलं की अडलेल्या मोटरचा करंटही जवळपास दुप्पट आणि उष्णता चौपट होते. पिनियन फ्लायव्हीलच्या (इंजिनाच्या जड चाकाच्या) दातेरी रिंगवर आदळून दात तुटतात. रिंग बदलायची तर ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. मदत लागलीच तर दुसरी १२ व्होल्टची बॅटरी समांतर जोडा, पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह.

आणि शेवटचं, "उघडू नका, नवा टाका." उघडा. आधी बॅटरीची अर्थ काढा, मग सेल्फ उतरवा. कार्बन निम्म्याच्या खाली गेले असतील तर बदला, ते होल्डरमध्ये मोकळे सरकतात का बघा. कॉम्युटेटर बारीक काचपेपरने पुसा, एमरीने नको, तिचे कण तांब्यात रुतून बसतात. लुकास कंपनीच्या जुन्या सेल्फमध्ये कॉम्युटेटरच्या पट्ट्यांमधला अभ्रक कोरायचा नसतो, तसं त्यांच्या सर्व्हिस सूचनांत स्पष्ट आहे. डायनॅमोचा कोरतात, म्हणून कारागीर सवयीने सेल्फचाही कोरतात. त्यांना आधीच सांगा.

मग बुश (शाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या नळ्या) बघा. आर्मेचरच्या (मोटरच्या फिरत्या भागाच्या) लोखंडावर एका बाजूने घासल्याची चकाकी असेल आणि तशीच खूण आतल्या पोल-शूवर (बॉडीला आतून बसवलेल्या चुंबकाच्या लोखंडावर) असेल, तर बुश झिजून आर्मेचर खाली बसलंय. असा सेल्फ करंट भरमसाट ओढतो, गरम होतो, आणि लोक म्हणतात जळाला. दोन बुश बदलले की तोच सेल्फ परत उचलतो. ब्राँझचे सच्छिद्र बुश बसवण्याआधी पातळ इंजिन ऑइलमध्ये २४ तास बुडवून ठेवा. घाईत कोरडा ठोकलेला बुश लवकर खलास होतो.

काही सेल्फ खरोखर जळतात. उघडल्याबरोबर करपलेल्या वार्निशचा वास येतो, कॉम्युटेटरवरचं कथील वितळून बॉडीच्या आत गोल उडालेलं दिसतं, मीटरवर कॉम्युटेटर आणि शाफ्ट एकमेकांना जोडलेले लागतात. तेव्हाही आर्मेचर भरून (नवी तार गुंडाळून) मिळतं. भरून देणारा कारागीर ओळखीचा असेल तर बॉडी, पोल-शू, ड्राइव्ह जुनेच ठेवून काम होतं. बसवल्यावर सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि पुन्हा मारण्याआधी मिनिटभर थांबा.