पुतळे म्हणून हिणवलेल्या फिगर्सची बाजू

सिनेमा-कॉमिक्समधल्या पात्रांच्या छोट्या प्लास्टिकच्या प्रतिकृती, म्हणजे फिगर्स, जमवणारे आम्ही कलेक्टर. नव्या फिगरचे फोटो आले की या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आर्टिक्युलेशन किती?’ म्हणजे हलणारे सांधे किती? कोपर दुहेरी वळतं का, घोटा बाजूला कलतो का, मान वर होते का. सांधे भरपूर असले की वाहवा, कमी असले की ‘नको’. आणि जी फिगर कमरेत जेमतेम फिरते किंवा हलतच नाही, तिला ‘हा तर पुतळा आहे’ म्हणून निकालात काढतात. मला हे बरेच दिवस खटकतंय, म्हणून आज सविस्तर लिहितोय. कंटाळा आला तर खुशाल पुढे स्क्रोल करा.

माझं म्हणणं असं, की स्टार वॉर्स या अवकाशातल्या सिनेमांच्या खेळण्यांमध्ये निवांत बसून बघत राहावं असं जे काही झालंय, त्यातलं बरंचसं या पुतळ्यांमध्ये झालंय.

थोडं मागे जाऊ. मे 1977 मध्ये पहिला सिनेमा आला तेव्हा त्याची खेळणी बनवणाऱ्या केनर कंपनीकडे ती तयारच नव्हती. त्यामुळे त्या नाताळात त्यांनी चक्क एक पुठ्ठ्याचं पाकीट विकलं. आत एक सर्टिफिकेट. ते भरून पाठवा, पुढच्या वर्षी चार फिगर्स टपालाने घरी येतील. लोकांनी ते घेतलंही! त्या फिगर्स पावणेचार इंचांच्या होत्या. त्याआधी 1964 मध्ये आलेला जी. आय. जो हा सैनिक बाहुला बारा इंचांचा होता, पण त्या मापात सिनेमातला यानचालक हान सोलो केला असता तर त्याचं यान ठेवायला वेगळी खोली लागली असती. लहान माप म्हणजे यानं करता येणार, हा हिशोब अगदी बरोबर होता. मान, दोन खांदे, दोन मांड्या असे पाच सांधे. मुलांच्या हातात खेळायला यापेक्षा जास्त काही लागतही नाही.

पण ती खेळणी होती आणि तशीच दिसायची. 1985 मध्ये ती मालिका थंडावली आणि 1995 मध्ये परत आली तेव्हा सगळे जण जिममधून आल्यासारखे आले. सिनेमाचा नायक ल्यूक, त्याची छाती बघून तो शेतावर राहणारा पोरगा आहे यावर कोणाचा विश्वास बसला नसता. राजकन्या लेयाच्या चेहऱ्यावरून तर जुने कलेक्टर अजून विनोद करतात.

मधल्या काळात बाहेर हवा बदलली होती. टॉड मॅकफार्लेन हा मूळचा कॉमिक्सचा चित्रकार. त्याने 1994 मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि फिगरवर इतकं कोरीवकाम करायला सुरुवात केली की मोठ्यांनीही ती शेल्फवर मांडावी. त्याच्या बऱ्याच फिगर्स फारशा हलायच्या नाहीत, पण सुरकुत्या, शिरा, चामड्याचे ओरखडे सगळं दिसायचं. 2002 मध्ये हॅसब्रो या खेळण्यांच्या कंपनीने स्टार वॉर्सची ‘अनलीश्ड’ मालिका आणली ती याच वाटेने. साधारण सात इंच उंची, सांधे जवळपास नाहीतच, आणि एकच पोझ. माझा जीव याच मालिकेवर जडला.

आता सांध्यांचं गणित बघा. सांधा म्हणजे कोरलेल्या पृष्ठभागात पाडलेली फट. दंड जिथे खांद्याला मिळतो तिथे खरं तर बाहीच्या चुण्या एका ओघात छातीकडे जायला हव्यात. तिथे गोल बिजागरी आली की चुण्या तुटतात. गुडघ्याला पिन, मनगटाला खाच, कमरेला कापलेली रेघ. आणि सगळ्यात मोठी अडचण दिसत नाही ती अशी, की सांधेवाली फिगर घडवताना शिल्पकाराला शरीर ‘कुठेही जाऊ शकेल’ अशा मध्यम अवस्थेत ठेवावं लागतं. स्नायू ताणलेला दाखवता येत नाही, कारण उद्या मालक हात खाली करेल. आवळलेला दाखवता येत नाही, कारण परवा तो वर करेल. झग्याची घडी कुठल्या बाजूला पडणार तेही ठरवता येत नाही, म्हणून झगा सरळ लोंबत ठेवायचा किंवा शिवलेलं कापड लावायचं. त्या मापात खरं कापड कधीच खऱ्यासारखं पडत नाही, ते फुगतं आणि बाहुलीचं दिसतं.

पुतळ्याला ही सूट आहे. त्याला एकच क्षण सांभाळायचा असतो. जर्मन विचारवंत लेसिंग यांनी 1766 मध्ये सापांच्या विळख्यात सापडलेल्या लाओकोऑनच्या प्राचीन शिल्पाबद्दल लिहिताना हाच मुद्दा मांडला होता: शिल्पकाराच्या हाती एकच क्षण असतो, तेव्हा त्याने टोकाचा क्षण न निवडता त्याच्या अलीकडचा निवडावा, म्हणजे पुढचं बघणाऱ्याच्या मनात घडतं. कुठे प्राचीन संगमरवर आणि कुठे कारखान्यातलं पीव्हीसी, असं कोणी म्हणेल. म्हणा. माझ्या शेल्फवर जी फिगर तलवार उगारून ओरडतेय तिच्याकडे मी क्वचित बघतो, आणि जिने नुकतंच पाऊल रोवलंय तिच्यासमोर रेंगाळतो.

सिनेमातला काळ्या मुखवट्याचा खलनायक डार्थ व्हेडर घ्या. या माणसाला चेहराच नाही. तो श्वासाचा मुखवटा कसा आला तेही मजेशीर आहे. सिनेमासाठी पात्रांची चित्रं काढणारे राल्फ मॅक्वारी यांना वाटलं, हा एका यानातून दुसऱ्या यानात अवकाशातून जाणार, तर श्वास कसा घेणार? म्हणून त्यांनी मुखवटा काढला आणि तो कायमचा चिकटला. आता ज्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही त्याचा राग दाखवायचा कुठे? मानेच्या कोनात, खांद्यात आणि झग्यात. हेल्मेट जरा पुढे झुकलं की तो चिडलाय, सरळ असलं की तो ठरवून बसलाय. सांधेवाल्या व्हेडरमध्ये हेल्मेट, छातीवरचं कवच आणि झगा एकमेकांना अडतात, त्यामुळे मान धड खाली जात नाही, धड वळत नाही. कोरलेल्या व्हेडरची मान शिल्पकाराने एकदाच नेमकी बसवलेली असते.

माझ्याकडच्या व्हेडरचा झगा जवळून बघितला तर आणखी एक गंमत कळते. कडेला तो चांगला जाड आहे, कारण साच्यातून निघताना पातळ कड फाटते किंवा वाकते. ही जाडी लपवायला कड आतल्या बाजूला दुमडलेली आहे, जणू वाऱ्यानेच दुमडलीय. घड्यांच्या खोबणीत पातळ काळपट रंग सोडून वरचा पुसून घेतलाय, आणि उंचवट्यांवरून जवळजवळ कोरडा ब्रश फिरवलाय. याला आम्ही वॉश आणि ड्रायब्रश म्हणतो. तेवढ्याने काळ्या प्लास्टिकमध्ये तीन-चार काळे दिसायला लागतात. दोन भाग जुळतात ती रेघ मात्र काखेत आहे, शोधली तरच सापडते.

सगळे पुतळे चांगले असतात असं मुळीच नाही. अनलीश्डमध्येही अतिरेक आहे. कोणाच्याही अंगावर वाऱ्याशिवाय झगा राहतच नाही आणि दर दुसरा माणूस दात दाखवतोय. पोझ फसली की ती कायमची फसली, हात जरा खाली करून सावरून घेता येत नाही. आणि मुलासाठी घेत असाल तर कृपा करून सांधेवालीच घ्या. पुतळ्याशी कोणी काय खेळणार?

पण मोठ्या कलेक्टरांचा ‘हवी तशी पोझ देता येते’ हा मुद्दा मला कधीच पटला नाही. हाँगकाँगच्या हॉट टॉईजच्या एक-षष्ठांश मापाच्या फिगर्स बघा, किंवा 2013 पासून आलेली हॅसब्रोची सहा इंची ब्लॅक सीरीज. सांधे मुबलक. मालक पहिल्या संध्याकाळी तासभर बसून पोझ देतो, फोटो काढतो, काचेच्या कपाटात ठेवतो. त्यानंतर? कृत्रिम चामडं वाकलेल्या जागी तडकेल म्हणून हात लावत नाही. कापड गुडघ्याला ताणलं जाईल म्हणून हात लावत नाही. सांधा सैल पडून फिगर शेजारच्यावर कोसळेल म्हणून तर अजिबातच लावत नाही. म्हणजे शेवटी तीही एकाच पोझमध्ये उभी राहते, फक्त ती पोझ माझ्यासारख्या हौशी माणसाने दिलेली असते. मला शरीररचना कळत नाही. ज्याला कळते त्याने निर्णय घेतलेला मला चालतो, किंबहुना त्यासाठीच मी पैसे मोजतो.

डबा न उघडता ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. सांधेवाली फिगर निदान पुठ्ठ्यावर सपाट उभी असते, समोरून दिसते तरी. चारही बाजूंनी कोरलेली फिगर प्लास्टिकच्या खिडकीमागे ठेवणं म्हणजे पाठ विकत घेऊन ती न बघणं. शिवाय बंद डब्यात काळजी घेतली जाते हाही गैरसमज आहे. मऊ पीव्हीसीमधलं मऊपणा आणणारं रसायन वर्षानुवर्षं बाहेर येत राहतं आणि हवा खेळती नसली की पृष्ठभाग चिकट होतो. उन्हाने रंग उडतात ते उघड्यावर, हे मान्य, पण त्याला पडदा पुरतो.

ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांनी वापरलेली फिगर घेताना तीन गोष्टी विचाराव्यात. बेस सोबत आहे का, कारण बऱ्याच पोझेस बेसच्या खुंटीशिवाय उभ्याच राहत नाहीत. मागच्या बाजूचा फोटो आहे का. आणि तलवारीचं पातं वाकलंय का. वाकलं असेल तर त्यावरून सौदा मोडू नका. गरम पाण्यात थोडा वेळ धरून बोटांनी सरळ करायचं आणि लगेच गार पाण्यात बुडवायचं. पाणी उकळतं नको, नाहीतर रंग जाईल.