‘आशा हिरावता’ म्हणणाऱ्या ऐरोलीकर यांना उत्तर

ऐरोलीकर, नमस्कार.

मणक्याला मार लागलेल्यांनी स्टेम सेलच्या, म्हणजे मूळ पेशींच्या, उपचारावर पैसे घालू नयेत, या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. मी ती उडवलेली नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जपानने हा उपचार मान्य केलाय, ताज्या दुखापतीत गुण येतो, तुमच्या मेहुण्यांच्या पायात उपचारानंतर हालचाल दिसली आणि मी काही डॉक्टर नाही. शेवटी हे वाक्य: ‘मॅडम, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ठाण्यात पंख्याखाली बसून दुसऱ्याची आशा हिरावणं सोपं असतं.’

सुरुवात याच वाक्यापासून करते, कारण बाकीचं त्यापुढे किरकोळ आहे. ‘मॅडम’ म्हणायचं आणि त्याच दमात समोरच्याच्या घरात काही जळलेलं नाही असा निकाल देऊन मोकळं व्हायचं, ही कुठली रीत? तुम्ही मला ओळखत नाही. विचारलं असतंत तर सांगितलं असतं.

लेखात घरचं काही लिहिलं नव्हतं, कारण भावाला ते आवडत नाही. आता त्याला विचारून लिहिते. माझा धाकटा भाऊ कळवा आणि मुंब्र्याच्या मध्ये लोकलमधून पडला. पाठीच्या डी 10 या मणक्याला मार, कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून आम्ही घरातले आळीपाळीने दर दोन तासांनी त्याची कूस बदलतो, रात्रीसुद्धा. टाचेवर, माकडहाडावर लाल डाग, म्हणजे दाबाच्या जखमेची सुरुवात, उमटलाय का ते बॅटरी लावून बघतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तुंबून ताप भरायला लागला की थर्मामीटर लावायच्या आधीच मला त्याच्या बोलण्यावरून कळतं. नौपाड्यातल्या आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्याला खाली न्यायचं तर शेजारच्या पोरांना हाक मारावी लागते, आणि त्या पोरांना त्रास नको म्हणून तो हल्ली खाली जायचंच टाळतो. कळण्यासाठी आणखी किती जळायला हवं?

आशेचं म्हणाल तर ती आम्हीही विकत घेतली. वडिलांनी गावची जमीन काढली. कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढायचा, त्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या, असा तो उपचार. पेशींचे पैसे वेगळे, व्यायामाचं पॅकेज वेगळं. डिस्चार्जच्या दिवशी त्याच्या पायांना लांब कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, चढवून पॅरलल बारमध्ये उभं केलं आणि व्हिडिओ काढला. कॅलिपरला गुडघ्यापाशी लॉक असतं. ते लावलं की पायात अजिबात ताकद नसलेला माणूसही हातांच्या जोरावर उभा राहतो. भाऊ घरी खिडकीच्या गजाला धरून तसा आधीपासूनच उभा राहत होता. व्हिडिओ बघणाऱ्याला हे कोण सांगणार? वडिलांनी तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला.

पुढे महिने गेले, भाऊ होता तिथेच राहिला. मग वडील त्याला म्हणायला लागले, ‘तूच व्यायामात कसूर केलीस.’ उपचार करणाऱ्यांनी त्यांना तसंच सांगितलं होतं. जमीन गेल्याचं मला इतकं वाटलं नाही, पण अपयशाचं खापर पोराच्या डोक्यावर फुटलं, ते मी विसरणार नाही. कित्येक दिवस घरात दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. त्या वेळी मला कुणी असा लेख वाचायला दिला असता तर मी त्याच्या पाया पडले असते. त्याला आशा हिरावणारा म्हटलं नसतं.

तुमचे मेहुणे बरे व्हावेत, मनापासून वाटतं. पण पाय आपोआप उडणं वेगळं आणि ‘अंगठा हलवा’ म्हटल्यावर हलवणं वेगळं. दुखापतीच्या खालचा मज्जारज्जू मेलेला नसतो, तो मेंदूला न विचारता स्नायूंना झटके देतो. पांघरूण ओढलं तरी भावाचा पाय ताडकन उडतो. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आई देवापुढे साखर ठेवून आली होती. तपासण्यासाठी ‘एशिया’ या अमेरिकन मणका-दुखापत संघटनेच्या श्रेणी आहेत, ए (काहीच शिल्लक नाही) ते ई (सगळं ठीक). टाचणी टोचून, कापूस फिरवून, एकेका स्नायूचा जोर बघून त्या ठरवतात. मेहुण्यांची उपचाराआधीची श्रेणी कोणती आणि नंतरची कोणती, तेवढं कळवा.

जपानचा उल्लेख लेखात हवा होता, हे मान्य. डिसेंबर 2018 मध्ये तिथे ‘स्टेमिरॅक’ या स्टेम सेलच्या उपचाराला मान्यता मिळाली. पण ती सशर्त, सात वर्षांच्या मुदतीची, आणि 13 रुग्णांच्या जोरावर. उपचार न दिलेल्यांशी तुलनाच केलेली नव्हती. पहिल्या काही महिन्यांत अनेकांचं थोडंफार आपसूक परत येतं, मग गुण कशाचा धरायचा? तिथल्याच केइओ विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये स्टेम सेलच्या चाचणीतल्या चार रुग्णांचे निकाल सांगितले. दोघांत सुधारणा दिसली, त्यातला एक आधाराशिवाय उभा राहिला. वाचून मला आनंदच झाला. पण ती चाचणी आहे, आपल्याकडच्या पॅकेजांची शिफारस नव्हे.

ताज्या दुखापतीवर वाद घालत बसत नाही. भावाची दुखापत जुनी होती, खरं आहे. पैसे घेताना ते कुणाच्या आड आलं नाही.

आणि हो, मी डॉक्टर नाही. नियम वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ लिहिलंय: रक्ताच्या विकारांसारखे मोजके आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर हा प्रयोग आहे, तो नोंदवलेल्या चाचणीतच करायचा आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत.

मेहुण्यांचा उपचार अशा चाचणीत झाला असेल तर तिचा सीटीआरआय, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक असणारच. तो इथे लिहा, मी लेखाच्या वरच लावते. आणि पुढच्या वेळी ‘मॅडम’ नाही म्हटलंत तरी चालेल, माझ्या घरापर्यंत मात्र येऊ नका.