‘व्याजाच्या मोहाने गेले आणि बुडाले’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

बुडालेल्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांविषयी मी लिहिलेल्या लेखावरची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तिच्यातले काही मला झोंबले आहे आणि बरेचसे पटलेले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : ठेवीदार अर्ध्या-एक टक्का जास्त व्याजाच्या मोहाने गेले आणि बुडाले, तेव्हा त्यांना बिचारे ठरवणे हा भाबडेपणा आहे, ज्या भ्रष्टाचाराच्या नावाने हे लोक बोटे मोडतात, त्याला टेबलाखालून खतपाणी घालणारेही तेच असतात, आणि राहणीमान घसरल्याचे रडगाणे गाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आज पंधरा हजारांचा फोन असतो.

मोहापासून सुरुवात करतो. माझे वडील २०१३ साली एका खासगी कारखान्यातून निवृत्त झाले. ईपीएस-९५ या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून त्यांना दरमहा दोन हजारांच्या आतबाहेर निवृत्तिवेतन मिळे. (या योजनेत किमान निवृत्तिवेतन एक हजार रुपये असावे असे २०१४ साली ठरले, आणि त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तो आकडा जागचा हलला नव्हता.) फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून पंधरा लाख आले. त्या वेळी मोठ्या सरकारी बँकांत मुदत ठेवीचा दर ९ टक्क्यांच्या आसपास होता, म्हणजे पंधरा लाखांवर महिन्याला ११,२५० रुपये. २०१८ पर्यंत तो दर पावणेसातावर उतरला आणि ११,२५० चे साडेआठ हजारसुद्धा राहिले नाहीत. २०२० मध्ये तो साडेपाचाच्या खाली गेला, तेव्हा ही रक्कम पावणेसात हजारांवर आली असती. आणि त्याच आर्थिक वर्षात किरकोळ महागाईचा दर ६ टक्क्यांच्या वर होता. मुद्दल तेवढेच राहून माणूस गरीब होतो तो असा. ज्येष्ठ नागरिक बचत योजना होती की, असे आपण म्हणाल. होती, पण एप्रिल २०२० मध्ये तिचाही दर ८.६ वरून ७.४ टक्क्यांवर आला होता.

वडिलांनी पंधरापैकी बारा लाख आमच्या गावातल्या नागरी सहकारी बँकेत हलवले ते एक टक्का जास्त मिळत होता म्हणून. बारा लाखांवर एक टक्का म्हणजे महिन्याला हजार रुपये. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांचे आई-वडिलांचे मिळून बिल साधारण तेवढेच होत असे. याला मोह म्हणायचे की नाही ते आपण ठरवा. मला तो शब्द वापरवत नाही. शिवाय ते केवळ टक्क्यासाठी गेले नव्हते. सरकारी बँकेच्या शाखेत पासबुक छापायचे यंत्र निम्मे दिवस बंद असे आणि चौकशीच्या खिडकीवरचा माणूस मान वर करत नसे. आमच्या बँकेत शिपाई नावाने हाक मारून खुर्ची देई, स्लिप भरून देई. ज्या माणसाला सही करताना हात थरथरतो म्हणून लाज वाटते, त्याच्यासाठी ही गोष्ट लहान नसते.

आता सावधगिरी. ‘जरा चौकशी करून पैसे ठेवायला काय झाले होते’, असे आपण विचारता. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचेच उदाहरण घ्या. २०१९ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले आणि खातेदारांना सांगितले की सहा महिन्यांत एकूण एक हजार रुपये काढता येतील. नऊ लाखांहून अधिक ठेवीदार, १३७ शाखा. या बँकेच्या एकूण कर्जांपैकी ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ती झाकण्यासाठी एकवीस हजारांहून अधिक बनावट कर्जखाती दाखवली गेली होती. त्या वर्षीच्या मार्चअखेरच्या ताळेबंदात मात्र थकीत कर्जांचे प्रमाण चार टक्क्यांच्या आत होते आणि नफाही दाखवला होता. म्हणजे एखाद्या ठेवीदाराने खरोखरच अहवाल मागवला असता, चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली असती, तर त्याचा निष्कर्ष काय निघाला असता? बँक उत्तम आहे, हाच. लेखापरीक्षक होते, रिझर्व्ह बँकेची तपासणी होती, सहकार खाते होते. या सगळ्यांच्या नजरेतून जे सुटले ते भांडुपच्या रिक्षावाल्याने हेरायला हवे होते, अशी आपली अपेक्षा दिसते.

याहून साधे उदाहरण न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेचे. २०२५ च्या फेब्रुवारीत तिच्यावर निर्बंध आले आणि प्रभादेवी व गोरेगावच्या तिजोऱ्यांमधून १२२ कोटींच्या रोकडीचा अपहार झाल्याची फिर्याद दाखल झाली. तिजोरीत किती नोटा आहेत हे मोजून पाहण्याची सोय कोणत्या बचत खात्यावर मिळते, ते मला कळवावे.

आणि ज्यांना निवडीचे स्वातंत्र्यच नव्हते त्यांचे काय? संस्थांनी शिल्लक निधी कुठे गुंतवावा हे सांगणारे सहकारी संस्था अधिनियमाचे कलम ७० आणि सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयाचा रेटा यांमुळे गृहनिर्माण संस्थांचा शिल्लक निधी वर्षानुवर्षे सहकारी बँकांकडे वळत आला. २०२२ च्या जानेवारीत पीएमसी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा संस्थात्मक ठेवीदारांच्या ठेव विम्याच्या पाच लाखांच्या मर्यादेपलीकडच्या रकमेचे काय झाले, हे मूळ लेखात मी एका ओळीत उरकले होते, ती माझी चूक. त्यातल्या ८० टक्के रकमेचे प्राधान्य समभाग झाले, तेही मुदत नसलेले आणि वर्षाला एक टक्का लाभांशाचे, आणि उरलेल्या २० टक्क्यांचे समभाग-वॉरंट, म्हणजे पुढे कधीतरी समभाग मिळण्याचे हक्कपत्र, झाले. गच्चीची गळती थांबवण्यासाठी सभासदांनी दहा वर्षे महिन्याला दोन-दोनशे रुपये भरून जमवलेला दुरुस्ती निधी असा समभाग होऊन बसला. वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराला प्राधान्य समभाग देता येत नाही. वैयक्तिक ठेवीदारांना पाच लाखांपर्यंतचे पैसे आधी मिळाले, पुढचे टप्प्याटप्प्याने, आणि मोठ्या ठेवींचा शेवटचा टप्पा दहा वर्षांनी. सत्तर वर्षांच्या माणसाला ऐंशीचा वायदा.

इथे आपल्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बँक आणि पतसंस्था यांतला फरक मी मूळ लेखात पुरेसा स्पष्ट केला नव्हता. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून अधिक राज्यांत चालणाऱ्या, पतसंस्थांच्या ठेवींना ठेव विम्याचे छत्रच नसते. बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेट या अडचणीत आलेल्या पतसंस्थेच्या ठेवीदारांना हे फार उशिरा उमगले. तिथे बँकेपेक्षा बऱ्याच चढ्या व्याजाचे आकर्षण होते आणि ‘मोह’ हा आपला शब्द काही जणांच्या बाबतीत लागू पडतो. तरीही काउंटर, पासबुक, टोकन, गणवेशातला रखवालदार असे सगळे बँकेसारखे मांडून ठेवलेले असताना, ही बँक नव्हे, हे सांगणारा फलक दारावर लावण्याची सक्ती ठेवीदाराने करायची नसते.

झोंबलेला मुद्दा असा की वडील आमच्या बँकेचे नुसते ठेवीदार नव्हते, भागधारक सभासदही होते. वार्षिक सर्वसाधारण सभेला ते दरवर्षी जात, लाभांश जाहीर झाला की टाळ्या वाजवत, बटाटेवडा आणि पेढा खाऊन घरी येत. रौप्यमहोत्सवाला सभासदांना ट्रॅव्हल बॅग मिळाली होती. ती अजून माळ्यावर आहे. अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर आई वाणसामानाची यादी करत असे. संचालक मंडळात एकाच घराण्यातली तीन माणसे कशी, हे सभेत कोणी विचारले नाही. वडिलांनीही नाही, आणि दोनदा त्यांच्यासोबत गेलेल्या मीही नाही. ‘ठेवीदारांचा यात काडीचाही दोष नव्हता’ हे माझे वाक्य म्हणूनच खरे नव्हते. विचारून बँक वाचली असती असे मला वाटत नाही, पण विचारले नाही हे खरेच. ते वाक्य मी लेखातून काढले आहे.

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर देताना स्वतःचीच कबुली द्यावी लागते. २०१९ साली आमच्या बँकेवर निर्बंध आले. शटरला डकवलेली नोटीस वाचायला इतकी गर्दी झाली की मागच्यांसाठी एक कॉलेजचा मुलगा मोठ्याने वाचून दाखवत होता. पुढच्याच महिन्यात एक ‘ओळखीचा’ माणूस घरी आला : ठेवीच्या पावत्या सही करून द्या, शंभराला साठ रोख देतो. कोणा थकबाकीदाराच्या कर्जात त्या वळत्या करायच्या होत्या. वडिलांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. २०२१ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून निर्बंध आलेल्या बँकांच्या ठेवीदारांना विम्याची रक्कम नव्वद दिवसांत देण्याची दुरुस्ती लागू झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये या विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली होती. (ती एक लाखाची मर्यादा १९९३ पासून तशीच होती.) आम्ही कागद जमवायला बसलो तेव्हा कळले की तीनपैकी एका पावतीवर नामनिर्देशन केलेलेच नाही. मग वारसाचे कागद आले, आणि त्यांसाठी एका कार्यालयात आमची फाइल सात आठवडे पडून राहिली. दर खेपेला नवी त्रुटी : एकदा आधारवर आईच्या नावात एक वेलांटी कमी, एकदा प्रतिज्ञापत्राचा मुद्रांक चुकीचा. आठव्या आठवड्यात बाहेरच्या झेरॉक्सवाल्याने रक्कम सांगितली. मी ती दिली. चार दिवसांत काम झाले.

कायद्याने मी तेव्हा गुन्हेगार झालो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही दोषी ठरतो. सक्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करावी, म्हणजे सुटका आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्याच कार्यालयाच्या भिंतीवर रंगवलेला होता, मी तो तिथे बसून कितीतरी वेळा वाचला. पण तक्रार म्हणजे सापळा, पंच, जबाब, पुढे साक्ष; आणि आमचा दाखला त्याच टेबलावर. आई मुदत संपायच्या धास्तीने रात्री जागी. मला हे समर्थन म्हणून सांगायचे नाही. फक्त इतकेच, की टेंडर हवे म्हणून जो देतो आणि स्वतःचेच पैसे परत हवेत म्हणून जो देतो, त्या दोघांना ‘भागीदार’ या एका शब्दात बसवले की हिशेब चुकतो. पहिल्याला नफ्यात वाटा असतो. माझा वाटा कशात होता?

फोनविषयी थोडक्यात. आईच्या हातातला फोन बारा हप्त्यांवर घेतलेला आहे, आणि तो घेतला कारण ओटीपीशिवाय बँक, गॅस आणि दवाखान्याचा नंबर यांतले काहीच चालेनासे झाले. पूर्वी ज्या कामाला पायपीट लागे त्याला आता रिचार्ज लागतो. तिच्या खर्चात ही एक रकमेची भर आहे. राहणीमान मोजायचेच असेल तर असे पाहा की वडील असताना घरात रोज एक लिटर दूध येई, आता अर्धा लिटर येते.

या अनुभवातून आई काय शिकली, हेही आपण विचारले आहे. विम्याचे पाच लाख आणि बाहेर राहिलेले तीन लाख तिने तीन बँकांत विभागले आहेत, कुठेही पाच लाखांच्या वर नाही. दोनशे पानी वहीत तिने तक्ता आखला आहे : पावती क्रमांक, मुदत, रक्कम, आणि शेवटचा रकाना ‘वारसाचे नाव लावले का?’ त्यापुढे प्रत्येक ओळीत लाल शाईची बरोबरची खूण. वरखर्चासाठी ती साड्यांना फॉल-पिको करते. त्या तीन बँकांपैकी एक पुन्हा सहकारी बँकच आहे. मी हरकत घेतली तेव्हा ती म्हणाली, ‘पाच लाखांच्या आत आहे ना? आणि तिथला शिपाई स्लिप भरून देतो.’