हाय मैत्रिणींनो, मी रोज अशीच दिसते

मेकअपचे व्हिडिओ करायचे तर चेहरा तुमच्याकडे आहेच, बाकीचं जमवायला कितीसा वेळ लागतो? २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा मुरमुऱ्यांच्या भावात मिळू लागला. २०२० च्या जूनअखेरीस सरकारने टिकटॉक बंद केलं, जुलैत इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील्स सुरू केलं. अख्खी आळी कॅमेऱ्यासमोर जाऊन बसली आणि तुम्ही अजून आरशासमोरच?

आधी रिंग लाइट आणा. स्टँड डगमगणारच, त्याच्या पायाशी तांदळाचा डबा लावा. मागच्या दांडीवरचे टॉवेल काढा आणि तिथे मनीप्लांट ठेवा. कुकर चढवून शूटिंगला बसू नका. तीन शिट्ट्या म्हणजे तीन रिटेक.

पहिला व्हिडिओ 'नो मेकअप लुक'चाच करा, कारण सगळ्यात जास्त सामान त्यालाच लागतं. मॉइश्चरायझर, प्रायमर, डोळ्यांखाली नारिंगी करेक्टर, त्यावर कन्सीलरचे दोन त्रिकोण. मग स्पंज ओला करून, घट्ट पिळून थोपटत बसा, घासू नका. वरून लूज पावडरचा थर. याला बेकिंग म्हणतात, आणि ते होईपर्यंत पाच मिनिटं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं बसायचं असतं. या वेळात कुरिअरवाला आला तर दार दुसऱ्या कुणाला उघडायला सांगा. मग ब्रॉन्झर, ब्लश, भुवया, मस्कारा, ओठांच्याच रंगाची लिपस्टिक. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणा, "बघा, काही लावलंय असं वाटतच नाही ना?" इथे सासूबाई आतून विचारतील, "मग लावलं कशाला?" हे वाक्य एडिटिंगमध्ये कापा.

मेकअप झेपत नसेल तर 'आजीचा बटवा' काढा. आजीने जन्मभर तोंडाला गार पाणी आणि थंडीत थोडी साय एवढंच लावलं, पण तिच्या नावावर काहीही खपतं. लिंबू खुशाल चोळायला सांगा. त्वचेचे डॉक्टर नको म्हणतात. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की फोड येतात, काळे डाग पडतात. पण डाग पडले की डाग झाकायचा व्हिडिओ आपोआप तयार होतो. धंदा असा असावा.

'गोरं' हा शब्द मात्र तोंडातून जाऊ देऊ नका. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीनेसुद्धा नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं. तुम्हीही ग्लो म्हणा, ब्राइटनिंग म्हणा, फार तर 'इव्हन टोन' म्हणा. फिल्टर बदलायची गरज नाही. (लग्नाच्या बायोडाटात 'निमगोरी' अजून चालतं, तिथे कुणी नाव बदललेलं नाही.)

हळूहळू घरी कंपन्यांकडून फुकट मालाची खोकी येऊ लागतील. आता प्रामाणिक व्हायची वेळ झाली. जाहिरात मानक परिषदेचा २०२१ पासूनचा नियम आहे: मोबदला घेतला असेल तर तसं स्पष्ट लिहायचं, हॅशटॅगच्या ढिगाऱ्यात पुरायचं नाही. तेव्हा पुरू नका, क्रीम रंगाच्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत लिहा. शिवाय १ जुलै २०२२ पासून एखाद्या कंपनीने वर्षभरात वीस हजारांवर फुकट माल दिला की दहा टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला आयकर, लागतो. वस्तू परत केली तर लागत नाही, पण झिजलेली लिपस्टिक परत कोण घेणार? म्हणजे एकोणीस हजार नऊशे नव्व्याण्णवपर्यंतच्या प्रामाणिकपणाला टीडीएस नाही. तेवढ्यातच बसवा. आणि वस्तूबद्दल मत देताना एक खोट काढाच, नाहीतर लोकांना संशय येतो: "झाकण जरासं घट्ट आहे."

बोलताना बायकांना फॅमिली म्हणा. "तुमच्यासाठी माझा सवलतीचा कोड टाकलाय" हे असं म्हणा, जणू सख्ख्या बहिणीसाठी किल्ली कुंडीखाली ठेवली आहे.

शूटिंग संपलं की दिवा बंद करा आणि तांदळाचा डबा जागेवर नेऊन ठेवा. एवढं नटलेलं बघून आई विचारेल, "कुणाकडे हळदीकुंकू आहे का गं?" नाही म्हणा. मग न्हाणीघराची कडी लावा आणि तळहातावर खोबरेल तेल घेऊन सगळं पुसून काढा. पंधरा दिवसांपूर्वी मेकअप उतरवायच्या ज्या क्लेन्झिंग बामशिवाय 'मी जगूच शकत नाही' म्हणाला होतात, त्याची डबी मागे कपाटात आहे, सील न फोडलेली. भाचीच्या वाढदिवसाला देता येईल.