घोंगडी पाहून मण्यार परत फिरत नाही

देशी मेंढीच्या लोकरीच्या घोंगडीजवळ साप-विंचू फिरकत नाहीत, तिच्यावर झोपल्याने मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी आणि अर्धांगवायू बरे होतात, तिच्यातील विजेमुळे शरीरातील विषारी द्रव्ये ओढली जातात आणि अशी ‘अस्सल’ घोंगडी खालील क्रमांकावर सवलतीत मिळते, असा एक संदेश मोबाइलवर सतत फिरत असतो. या पावसाळ्यात तो उमरेडकडे राहणाऱ्या माझ्या मामांपर्यंत पोहोचला. मामा सोयाबीनच्या राखणीसाठी रात्री जागलीला जातात. संदेश वाचल्यापासून त्यांनी खाट आणि मच्छरदाणी घरी ठेवली आणि मीच विणून दिलेली घोंगडी शेतात जमिनीवर अंथरून ते झोपू लागले. दख्खनी मेंढीच्या लोकरीला पुन्हा मोल मिळावे म्हणून मी नागपुरात माग चालवते. त्यामुळे या संदेशाला उत्तर देणे मला भागच आहे.

लोकरीचे राठ केस सापाच्या पोटाला टोचतात, म्हणून तो घोंगडीवर चढत नाही, असे संदेशाचे म्हणणे आहे. जो प्राणी बाभळीच्या काट्यांतून, धुऱ्यावरच्या दगडांतून आणि पिकाच्या धसकटांतून रोज वाट काढतो, त्याला लोकर टोचेल हे कोणाला पटते तरी कसे? सापाचे खवले केराटिनचे असतात आणि मेंढीची लोकरही केराटिन कुळातल्याच प्रथिनांची असते. विणण्यापूर्वी ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ लावतात, त्यामुळे नवी घोंगडी कडक असते आणि आपल्या अंगाला टोचते, हे खरे आहे. परंतु आपल्या अंगाला जे टोचते ते सापालाही टोचेल, असे त्यावरून मुळीच ठरत नाही.

ही थाप जिवावर बेतणारी आहे, कारण मण्यार हा साप रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला त्याचा दंश पुष्कळदा झोपेतच होतो. दंशाची जागा फारशी दुखत नाही आणि सुजतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडखळतो, आणि तोवर घरचे अपचनावर ओवा देत बसलेले असतात. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला आहे. आग्नेय नेपाळमध्ये झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका बराच कमी असल्याचे आढळले. म्हणजे जी वस्तू खरोखर वाचवते तीच मामांनी या संदेशापायी घरी ठेवली. खाटेवर झोपावे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचाव्यात आणि दंशाची नुसती शंका आली तरी प्रतिविष मिळेल असे सरकारी रुग्णालय गाठावे. घोंगडी खुशाल पांघरावी, ती त्या मच्छरदाणीच्या आत.

मधुमेह आणि रक्तदाब पांघरुणाने बरे होत नाहीत. त्यांची औषधे कोणीही या भरवशावर थांबवू नयेत. कोरड्या हवेत लोकर घासली की ठिणगी उडते, पण त्या विजेने शरीरातील विष निघत नाही. सांधेदुखीबद्दल मात्र एवढे मान्य करावे लागेल की उबेने आखडलेल्या सांध्यांना आराम वाटतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा शोषूनही ओली वाटत नाही, म्हणून पावसाळी रात्री ती अंगावर बरी वाटते. हा गुण खरा आहे आणि तो पुरेसा आहे.

राहिला ‘अस्सल’पणाचा मुद्दा. दख्खनी मेंढी वर्षाकाठी जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर देते. ती राठ असल्यामुळे स्वेटरच्या धंद्यात तिला भाव नाही, आणि कातरणाऱ्याची मजुरीही निघत नसल्याने कित्येक मेंढपाळ ती रानातच टाकून देतात. आसन, गालिचा किंवा घोंगडीसाठी मात्र हाच राठपणा कामाचा, कारण असे कापड वर्षानुवर्षे झिजत नाही. ती लोकर निवडायची, धुवायची, पिंजायची, चरख्यावर कातायची आणि मगच मागावर घ्यायची, एवढ्या श्रमांची घोंगडी सवलतीत मिळणे शक्य नाही. चमत्काराच्या नावाने पुष्कळदा ॲक्रिलिक गळ्यात मारले जाते. सापाची थाप उघडी पडली की ग्राहकाचा विश्वास मात्र आमच्या लोकरीवरून उडतो, ज्या मेंढपाळाने ती कातरली त्याला एक पैसाही न मिळता.

विकत घेण्यापूर्वी काठाचा एक धागा मागून घ्यावा आणि चिमट्यात धरून पेटवावा. लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो, ज्योत बाजूला करताच ती सहसा विझते आणि उरलेली राख बोटांत चुरली जाते; ॲक्रिलिक असेल तर धागा वितळत जळत राहतो आणि मागे काळा, टणक मणी उरतो. विक्रेता धागा द्यायला तयार नसेल तर घोंगडी घेऊ नये.